खाडाखोड नसलेली वही

कल्पना करा, जुलैतली दुपार आहे, बाहेर चव्वेचाळीस अंश तापमान आहे आणि एका क्लबहाउसच्या मागच्या नळापाशी तुम्ही वाकून उभे आहात. नळ सोडा. तीन-चार मिनिटं पाणी वाहू द्या, कारण आधी येतं ते पाइपात साठून राहिलेलं पाणी, त्यावरून काही कळत नाही. मग बोटभर उंचीची काचेची कुपी त्याच पाण्याने तीनदा विसळा, रेघेपर्यंत भरा, पुडी फोडून पांढरी पावडर टाका, बूच लावून हलवा. पाणी गुलाबी होईल. रंग जितका गडद, तितकं पाण्यात क्लोरीन जास्त. कुपीवरचे बोटांचे ठसे पुसा, ती मीटरमध्ये ठेवा आणि एका मिनिटाच्या आत आकडा वाचा. आता तो लिहायचाय. रजिस्टर ट्रकमध्ये आहे, हात ओले आहेत, घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबलाय. कुठे लिहाल?

ईश्वर गजभिये शर्टाच्या खिशातून छोटी वही काढायचा आणि तिच्यात लिहायचा. संध्याकाळी ऑफिसात आला की हात धुऊन, एसीत बसून, दिवसभराचे पाच आकडे मोठ्या रजिस्टरमध्ये उतरवायचा. एकाच पेनाने, सुवाच्य अक्षरात. कच्ची वही खिशात, पक्की वही टेबलावर. नागपूरला महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात त्याने बारा वर्षं हेच केलं होतं. तिथले गुरुनाथ साहेब रजिस्टर तपासताना प्रत्येक पान उजेडाकडे धरून बघायचे. एक आकडा जरी खोडलेला दिसला तरी विचारायचे, "गजभिये, ही खाडाखोड कशाची? काय लपवून राहिले?" रिकामा रकाना दिसला तर त्याहून जास्त बोलायचे. ईश्वरच्या पानावर त्यांना कधी काही सापडलं नाही. हा त्याचा अभिमान होता आणि तो त्याने कागदपत्रांबरोबर अमेरिकेत आणला.

तो आला बायकोच्या मागे. कमलाला चँडलर गावातल्या कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली, तेव्हा त्यांची सोनल सात वर्षांची होती. ईश्वर तीन वर्षं घरी होता. ग्रीन कार्ड आलं, मग त्याने पाणीपुरवठ्याची परवाना परीक्षा दिली आणि २००१मध्ये मेस्कीट रिज नावाच्या वस्तीच्या पाणी-मंडळात ऑपरेटर म्हणून लागला. चार विहिरी, दोन टाक्या, अकराशे घरं, आणि त्यांत राहणारी बहुतेक निवृत्त माणसं. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारायचं, "तुम्ही कुठल्या कंपनीत?"

"पाण्याच्या."

"बॉटलिंग का?"

"नाही हो, नळाच्या."

विचारणारा जरा गोंधळायचा आणि पोह्यांकडे वळायचा. ईश्वरला त्याचं वाईट वाटत नसे. अकराशे घरांतली माणसं सकाळी उठून जे पाणी तोंडात घेतात ते आपल्या हातातून जातं, हे त्याला पुरेसं होतं.

२० जुलै २००४ला सकाळी क्लबहाउसमधून फोन आला की पाण्याला वास येतोय. ईश्वर धावत गेला. कुपी गुलाबी झालीच नाही. मीटरवर शून्य. त्यानेच पुरवठा बंद करायला लावला, त्यानेच वरच्या खात्याला कळवलं. तरी पुढच्या चार दिवसांत एकतीस माणसं पोटाने आजारी पडली. क्लबहाउसमध्ये त्याच्यासाठी लिंबाचं सरबत थंड करून ठेवणाऱ्या मिसेस ऑल्सन, वय एक्क्याऐंशी, तीन आठवडे हॉस्पिटलात होत्या. तिथून त्यांना मुलगी आपल्या गावी घेऊन गेली. त्या परत आल्या नाहीत.

राज्याच्या खात्याने चौकशी लावली. केलर नावाचे एक शांत, उंच अधिकारी आले. व्हॉल्व्ह कुठे आहेत, पंप कधी बसवले, अशी दहा-पंधरा मिनिटं विचारपूस केली. निघताना रजिस्टर उघडून म्हणाले, "हे सगळं तुम्हीच भरलंत?"

ईश्वर म्हणाला, "हो, मीच." जरा अभिमानानेच म्हणाला. केलरनी रजिस्टर पिशवीत घातलं, पावती दिली आणि गेले.

त्यानंतर सहा महिने कुणी काही विचारलं नाही. जानेवारीत अहवाल आला. तो ईश्वरला पोस्टाने आला नाही, ईमेलनेही नाही. कमलाच्या ऑफिसातल्या शैलेंद्रने तिला लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, 'वहिनी, हे आपले ईश्वरभाऊ नाहीत ना?'

चाळीस पानांचा अहवाल होता. बागेच्या पाण्याचा पाइप क्लबहाउसच्या पिण्याच्या पाइपाला चुकीने जोडलेला होता, दाब कमी झाल्यावर बागेचं घाण पाणी आत ओढलं गेलं, हे सगळं नीट लिहिलं होतं, आकृत्यांसह. आणि मग निष्कर्ष क्रमांक सात. 'ऑपरेटर ईश्वर गजभिये यांनी १ ते २१ जुलै या चौदा कामाच्या दिवसांतल्या क्लोरीनच्या नोंदी बनावट केल्या आहेत. प्रत्येक दिवसाच्या पाचही नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या आहेत. एकही दुरुस्ती नाही. गजभिये यांनी नोंदी स्वतः भरल्याचं मान्य केलं आहे.'

ईश्वरने ते वाक्य तीन-चारदा वाचलं. सोनल तेव्हा चौदाची होती. ती त्याच्या खुर्चीमागे उभी राहून वाचत होती.

"बाबा, दे नेव्हर आस्क्ड यू?"

"विचारलं ना. मीच भरलं का म्हणून विचारलं."

"दॅट्स नॉट आस्किंग, बाबा!"

पाणी-मंडळाने आठवड्याभरात नोकरीवरून काढलं. पत्रात कारण एका ओळीत होतं, राज्याच्या अहवालातला निष्कर्ष क्रमांक सात. ज्या मित्राला ईश्वर दर रविवारी फोन करायचा, त्याच्याकडून "जय भीम"नंतर एक नवीनच शांतता यायला लागली. दुसऱ्या दोन गावांत अर्ज केले, मुलाखतीला बोलावलं, आणि मग त्याचं नाव कॉम्प्युटरवर टाइप करून बघितल्यावर बोलावणं रद्द झालं. एका ठिकाणच्या बाईंनी तसं स्पष्टच सांगितलं आणि वर सॉरीही म्हणाल्या.

ईश्वरचे वडील नागपूरच्या जिल्हा कोर्टात पट्टेवाले होते. खटला सुरू व्हायच्या आधी दारात उभं राहून पक्षकाराचं नाव पुकारायचं, हे त्यांचं काम. एकदा पुकारून माणूस आला नाही तर दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. तीनदा पुकारल्याशिवाय न्यायाधीशसुद्धा गैरहजर लिहू शकत नव्हते. लहानपणी ईश्वरला ते काम फार क्षुल्लक वाटायचं. एकदा त्याने तसं बोलून दाखवलं, तेव्हा वडील रागावले नव्हते. म्हणाले होते, "अरे, माझ्या बापाचं नाव कोणी एकदा पण नीट घेतलं नाही. मी सगळ्यांचं तीनदा घेतो."

"माझं नाव एकदाही पुकारलं नाही कमला," ईश्वर म्हणाला. "आन् निकाल देऊन मोकळे झाले."

कमला कारखान्यात दिवसभर सिलिकॉनच्या चकत्यांवरचे दोष शोधणारी बाई. तिने लगेच विचारलं, "कच्ची वही कुठाय?"

वही होती. गॅरेजमध्ये, टूलबॉक्सच्या खालच्या खणात. घामाने पानं फुगलेली, एका कोपऱ्याला ग्रीस लागलेलं. प्रत्येक आकड्यापुढे वेळ. पेन कधी निळं, कधी काळं, एका ठिकाणी चक्क पेन्सिल. आणि खाडाखोड भरपूर.

"ही द्यायची ना त्यांना!"

"मागितलीच नाही त्यांनी."

"तुम्ही पण ना! सांगायचं नाही का?"

"मला काय माहीत हा गुन्हा आहे म्हणून? मी तर समजून राहिलो होतो की माझं अक्षर पाहून खूश झाले."

कमलाला हसू आलं आणि ते तिने लगेच आवरलं.

वकील मिळाल्या त्या रूथ डेल्गाडो. ठेंगण्या, जाड चष्म्याच्या, बोलताना पेन्सिलीने टेबलावर ठोके द्यायची सवय असलेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा वाईट बातमी सांगितली. अशा अहवालाविरुद्ध सहसा कोर्टात जाता येत नाही. अहवाल कुणाला दंड करत नाही, परवाना काढून घेत नाही. सरकार म्हणतं, ते आमचं फक्त मत आहे. मतावर अपील कसलं?

"माझी नोकरी गेली ती मताने गेली?" ईश्वरने विचारलं.

रूथबाईंची पेन्सिल थांबली. "हेच आपल्याला न्यायाधीशांना विचारायचंय," त्या म्हणाल्या.

केस उभी राहायला वर्ष गेलं. त्या वर्षात ईश्वर एका हार्डवेअरच्या दुकानात नळ आणि जोड विकत होता. गिऱ्हाईक अर्ध्या इंचाचा व्हॉल्व्ह मागायला यायचं आणि पाण्याच्या दाबाबद्दल वीस मिनिटांची माहिती ऐकून जायचं. २००६च्या मार्चमध्ये सुनावणी झाली. ती वीस मिनिटांत आटोपली. ईश्वरला बोलायचं नव्हतंच, फक्त बसायचं होतं. सरकारी वकील तरुण होता, चांगला बोलत होता.

"अहवाल हा आदेश नाही, युअर ऑनर. त्यामुळे कोर्टाने तपासण्यासारखं त्यात काही नाही."

"मिस्टर गजभियेंची नोकरी कशामुळे गेली?" न्यायाधीशांनी विचारलं. आडनाव त्यांनी अडखळत, पण पूर्ण उच्चारलं.

"ती पाणी-मंडळाने काढली. आमच्या खात्याने नाही."

"मंडळाने स्वतः काही चौकशी केली?"

"नाही, युअर ऑनर."

"मग कशाच्या आधारावर काढली?"

वकिलाने कागद उगाच वर-खाली केले. "अहवालाच्या."

निकाल सहा आठवड्यांनी आला. रूथबाईंनी तो फोनवर वाचून दाखवला, तेव्हा ईश्वर दुकानाच्या मागच्या दारात उभा होता. निष्कर्ष खरा की खोटा हे कोर्ट सांगत नाही, असं त्यात सुरुवातीलाच होतं. पण सरकार जेव्हा एखाद्या माणसाचं नाव घेऊन त्याला अप्रामाणिक म्हणतं आणि त्यावर त्याची रोजीरोटी जाते, तेव्हा आधी आरोप त्याच्यापुढे ठेवून त्याचं उत्तर ऐकायला हवं होतं. ते ऐकलेलं नाही. म्हणून खात्याने आता सुनावणी घ्यावी, आणि तोवर निष्कर्ष क्रमांक सात वेबसाइटवरून काढावा.

"म्हणजे जिंकलो?" ईश्वर म्हणाला.

"तुम्ही बोलायचा हक्क जिंकलात," रूथबाई म्हणाल्या. "आता बोलायला काहीतरी घेऊन या."

एका शनिवारी सकाळी ईश्वर आणि कमला जेवणाच्या टेबलावर बसले. कमलाने लॅपटॉप उघडला. एका रकान्यात पक्क्या वहीतले आकडे, त्यांच्या शेजारी कच्च्या वहीतले. चौदा दिवस, रोजचे पाच, एकूण सत्तर. पक्क्या पानांच्या प्रती खात्याकडून मिळाल्या होत्या. ईश्वर वाचायचा, ती टाइप करायची. तिसऱ्या रकान्यात दोन्ही जुळले की हिरवा रंग यायचा. हिरवा, हिरवा, हिरवा. कमलाने मध्येच चहा ठेवला. सोनल येऊन म्हणाली, "इट्स लाइक बिंगो." तिघेही हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

"एकोणीस जुलै, दुपारी चार, क्लबहाउस. पक्कं, शून्य पॉइंट सहा," ईश्वर म्हणाला.

"आणि कच्चं?"

ईश्वरने पान उलटलं आणि पुन्हा मागे आणलं.

"अहो, कच्चं किती?"

त्याने वही तिच्याकडे सरकवली. दुपारी दोनची नोंद होती. त्याखाली काहीच नव्हतं. पुढचं पान वीस तारखेचं.

त्याला सगळं आठवलं. त्या दुपारी पावणेचारला धुळीचं वादळ आलं होतं. समोरच्या गाडीचे दिवेही दिसेनात, म्हणून नियमाप्रमाणे ट्रक रस्त्याच्या कडेला घेऊन तो दिवे बंद करून बसला, मागच्या गाडीने दिव्यांच्या रोखाने येऊन धडकू नये यासाठी. वादळ सरायच्या आत रेडिओवर बोलावणं आलं की वीज गेल्याने दोन नंबरचा पंप बंद पडलाय. तो तिकडे गेला. पंप चालू करून ऑफिसात पोहोचला तेव्हा सहा वाजून गेले होते. रजिस्टर उघडलं, चार आकडे उतरवले, पाचवा रकाना रिकामा राहिला. पानावर रिकामा रकाना. क्लबहाउसला आदल्या सगळ्या दिवसांत ०.६ येत होता. त्याने ०.६ लिहिला आणि रजिस्टर मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून जो गोंधळ उडाला, त्यात त्या रकान्याकडे परत बघण्याची त्याची हिंमत झाली नव्हती.

कमलाने सोनलला वरच्या खोलीत पाठवलं.

"हे पान कोणी पाहिलं नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "रूथने पण नाही."

"वही दिली की पूर्ण द्यावी लागंल."

"मग देऊच नका ना वही. तुम्ही फक्त सांगा कच्च्यावरून उतरवलं म्हणून. आरोप त्यांचा आहे, सिद्ध पण त्यांनीच करावा."

"माझ्या नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवंल?"

"आणि ही दिली तर? एकोणसत्तर खरे आहेत ते कोणी बघणार नाही. तो एक बघतील. तो दिवस बघा कुठला आहे!"

ईश्वरने तो दिवस बघितलाच होता. तो उठून अंगणात गेला. कमलाने खिडकीतून पाहिलं, तो नळीने झाडांना पाणी घालत होता आणि एकाच झाडापाशी फार वेळ थांबला होता.

सोमवारी त्याने रूथबाईंना वही दिली आणि ते पान स्वतःच उघडून दाखवलं. त्यांनी पेन्सिलीने दोन ठोके दिले. मग त्यांनी त्याला दोन्ही रस्ते समजावून सांगितले. वही न देता उभं राहता येईल. केस कमजोर होईल, पण उभी राहील. वही दिली तर पूर्ण द्यायची, आणि या पानाबद्दल तुम्हालाच बोलावं लागेल.

"दोन वर्षं मी म्हणून राहिलो, मला विचारा," ईश्वर म्हणाला. "आता विचारतील तर अर्धंच कसं सांगू?"

सुनावणी २००७च्या फेब्रुवारीत एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर झाली. छोटी खोली, लांब टेबल, भिंतीवर राज्याचा ध्वज. सुनावणी अधिकारी एक वयस्क बाई होत्या. केलर समोर बसले होते. बाईंनी ईश्वरला सांगितलं, "तुम्हाला हवा तितका वेळ घ्या." हे वाक्य ऐकून तो आधी घोटभर पाणी प्यायला.

त्याने कच्ची आणि पक्की वही समजावून सांगितली. नागपूरचे साहेब सांगितले. बाईंनी विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे खोडलेला आकडा संशयास्पद?"

"हो मॅडम."

"आमच्याकडे न खोडलेला," त्या म्हणाल्या. केलरही किंचित हसले.

मग ईश्वरने एकोणीस तारखेचं पान उघडलं. कुणी विचारायच्या आत सांगितलं. वादळ, पंप, रिकामा रकाना, शून्य पॉइंट सहा. सांगताना त्याचं इंग्रजी दोनदा अडलं. केलर पुढे वाकून ते पान बघत राहिले. त्यांनी ते हातात घेतलं नाही.

मधल्या सुट्टीत कॉफीच्या मशीनपाशी दोघे समोरासमोर आले. केलर म्हणाले, "मी त्या दिवशी विचारायला हवं होतं."

"मी पण सांगायला पाहिजे होतं," ईश्वर म्हणाला. कॉफीचा कप भरला तसे केलर आत गेले.

नवा निष्कर्ष मे महिन्यात आला. 'नोंदी बनावट' हे शब्द गेले. 'सत्तरपैकी एकोणसत्तर नोंदी मूळ टिपणांवरून उतरवलेल्या आहेत. ही पद्धत नियमाला धरून नाही, परंतु तिच्यात फसवणुकीचा हेतू दिसत नाही. १९ जुलै, दुपारी चारची नोंद प्रत्यक्ष मोजणीशिवाय केलेली आहे. हे गजभिये यांनी स्वतः होऊन सांगितलं.' परवाना राहिला, सहा महिने देखरेखीखाली. मेस्कीट रिजने परत बोलावलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. वर्षअखेरीस दुसऱ्या एका गावच्या पाणीपुरवठ्यात काम मिळालं. तिथे तो नळापाशीच रजिस्टर उघडतो, चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारतो, शेजारी सही करतो. पान अगदी गलिच्छ दिसतं.

रविवारचे फोन पुन्हा सुरू झाले. महाराष्ट्र मंडळात लोक आपणहून येऊन हात मिळवतात. "सुटलास बाबा एकदाचा," मित्र म्हणाला. ईश्वर "हो" म्हणाला.

सुटला असं त्याला वाटत नव्हतं. अहवालातलं एक पान तो अजून काढून बसतो, तेही ज्यात त्याचं नावच नाही असं, पाइपांच्या आकृतीचं. पंप बंद पडला दुपारी तीन वाजून बावन्न मिनिटांनी. दाब तेव्हाच उतरला असणार, आणि बागेचं पाणी आत यायला लागलं असेल तर त्यानंतरच. अहवाल फक्त एवढंच म्हणतो की ते एकोणीसची दुपार आणि वीसची सकाळ यांच्या दरम्यान कधीतरी आलं. ईश्वरने पाइपाची लांबी, व्यास, वेग घेऊन गणित मांडून पाहिलं. एका हिशेबाने घाण पाणी साडेचारपर्यंत नळाशी पोहोचतं, दुसऱ्या हिशेबाने रात्री नऊच्या आधी पोहोचत नाही. वेग कुठला धरायचा, त्यावर सगळं आहे. त्याने खात्याला पत्र लिहिलं, केलरना लिहिलं. केलरनी उत्तर पाठवलं, सभ्य आणि सविस्तर. इतकी माहिती आता कुणाकडेच नाही, असं त्यात होतं.

मिसेस ऑल्सन स्वतःचं सरबत साडेचारनंतर त्याच नळाच्या पाण्याने करायच्या. पंप चालू झाल्यावर ट्रक घेऊन तो तसाच क्लबहाउसकडे गेला असता, पाच वाजता का होईना, नळ सोडून कुपी भरली असती, तर मीटरवर कोणता आकडा आला असता?